जंत न होणारी शेळी कुठं मिळेल?

पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब, मी भूम तालुक्यातला. आमच्याकडे आज्यापासून उस्मानाबादी शेरडं. वडील ती बालाघाटाच्या डोंगराला चारायचे. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याची नोकरी सोडून आलो, पाऊण एकराला जाळी मारली, आत गवत लावलं आणि शेळ्या अर्धबंदिस्त केल्या. आज ३४ आहेत. मागच्या उन्हाळ्यात बाजारातून एक बोअर जातीचा बोकड आणि ८ बोअर संकरित पाटी (तरण्या शेळ्या) आणल्या. जंताचं औषध दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना पाजतो, एकदाही चुकवलेलं नाही. तरी या पावसाळ्यात २६ पैकी ११ करडं गेली. हगवण नाही, ताप नाही. करडू मागं पडायला लागतं, गळ्याखाली पाण्याची पिशवी उतरते आणि चार-पाच दिवसांत संपतं. दुकानदारानं दोनदा औषध बदलून दिलं. डब्यांचे फोटो सोबत आहेत.

वडील म्हणतात, गावरान शेरडांना आम्ही कधी औषध पाजलं नाही, तुझ्या विलायती बोकडानं घात केला. एक व्यापारी म्हणतो, आफ्रिकेतल्या एका जातीला जंत होतच नाहीत, आहे ते विका आणि ती घ्या. खरं कोणाचं? वडील एक कानतुटकी म्हातारी शेळीसुद्धा विकू देत नाहीत, तिच्यावरून रोज वाजतं. मार्ग सांगावा.

उत्तर

आधी आजचं काम. ज्या करडांच्या गळ्याखाली सूज आहे त्यांना कळपाबरोबर हाकू नका. त्यांच्या अंगात रक्त उरलेलं नसतं. चार पावलं पळवलं तरी कोसळतात, औषधासाठी धरताना झटापट झाली तरी दगावतात. सावलीला बांधा, पाला आणि पाणी तोंडाशी द्या, मूठभर शेंगदाणा पेंड द्या आणि आजच डॉक्टरांना दाखवा. तालुक्याला नेणं जमत नसेल तर १९६२ या नंबरावर फोन करून फिरतं पथक मागवा. वडिलांचं आणि व्यापाऱ्याचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलेलं चित्र, म्हणजे हगवण नाही, ताप नाही, करडू मागं पडणं, गळ्याखाली पाणी आणि तेही ऐन पावसाळ्यात, हे बहुतेक वेळा हिमोन्कस या गोलकृमीचं असतं. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका. दुर्दैवानं आणखी एखादं करडू गेलंच तर पुरायची घाई करू नका, डॉक्टरांकडून पोट उघडून घ्या आणि स्वतः शेजारी उभे राहा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात, त्यातला चौथा उघडायला सांगा. आतला ऐवज बाजूला करून पाणी मारलं की गुलाबी अस्तरावर टाचणीएवढे लांब, सुतासारखे बारीक धागे दिसतील. करडू नुकतंच गेलेलं असेल तर ते वळवळतही असतील. एक धागा नखावर घेऊन उन्हात धरा. लाल आणि पांढरा असा पीळ दिसेल. ती जंताची मादी. लाल भाग म्हणजे तुमच्या करडाच्या रक्तानं भरलेलं तिचं आतडं आणि त्याभोवती गुंडाळलेला पांढरा भाग म्हणजे तिचा अंडाशय. हे एकदा बघितलेला माणूस जंताला पुन्हा किरकोळ म्हणत नाही.

असा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. थेंबभरच. पण ५०० जंत असले तर दिवसाला २५ मिलिलिटर. दहा किलोच्या करडाच्या अंगात सगळं मिळून रक्त सहाशे-सातशे मिलिलिटर. आता करडू मागं का पडत होतं ते तुमच्या लक्षात येईल. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी शिरांत थांबत नाही, ते खाली, जबड्याखाली उतरतं. ती तुमची पिशवी.

दुसरा हिशोब तुमच्या पाऊण एकराचा. एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. एका शेळीत शंभर माद्या धरल्या तर रोज पाच लाख अंडी लेंडीतून जमिनीवर. ऊबदार ओलाव्यात आठवड्याभरात त्यातून अळी तयार होते आणि दहिवराच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर चढते. शेळीनं ते पातं खाल्लं की तीन आठवड्यांत आत नवी मादी अंडी घालायला तयार. तुमच्या शेळ्या रोज त्याच जाळीच्या आत खातात आणि तिथंच लेंड्या टाकतात. कुंपण तुम्ही लांडग्या-कुत्र्यांसाठी घातलंत, पण त्यानं जंतांना घर मिळालं.

आता औषधाचं. तुम्ही तीन डब्यांचे फोटो पाठवलेत. कंपन्या तीन, रंग तीन, पण बारीक अक्षरात घटक वाचा. दोन डब्यांवर अल्बेन्डाझोल आहे आणि तिसऱ्यावर फेनबेन्डाझोल. ही दोन्ही एकाच कुळातली औषधं. एकाला न जुमानणारा जंत दुसऱ्यालाही जुमानत नाही. म्हणजे तुम्ही औषध बदललंच नाही, डबा बदललात. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याला तुम्ही दुसरं मागितलंत आणि त्यानं दुसरं दिलं.

जंताच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो, प्रतिकारशक्ती. इथं प्रतिकार दोघांचा आहे आणि त्यांची गल्लत झाली की सगळं उलटं होतं. एक प्रतिकार शेळीचा, जंताला अंगात टिकू न देण्याचा. दुसरा जंताचा, औषधाला न मरण्याचा. दर महिन्याच्या एक तारखेला सरसकट डोस पाजून तुम्ही दुसरा वाढवत नेलात आणि पहिला कोणत्या शेळीत आहे हे तुम्हाला दिसू दिलं नाहीत. चिवट शेळीलाही औषध आणि नाजूक शेळीलाही औषध, मग चिवट कोण हे कळणार कसं?

जंत चिवट होतात कसे, हे कापूस लावलेल्या माणसाला लगेच समजतं. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं यायचं. ते कडेनं लावायचं, म्हणजे बीटीला न जुमानणाऱ्या बोंडअळ्यांचा संकर साध्या अळ्यांशी होत राहील आणि चिवटपणा पातळ पडेल. आपण काय केलं? ते पाकीट बांधावर फेकलं. पुढं गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते विदर्भ-मराठवाड्यानं २०१७ साली पाहिलं. शेरडांतही तसंच. सगळ्यांना एकाच दिवशी डोस दिला की औषधाला मरणारे जंत मरतात, उरतात फक्त न मरणारे आणि पुढची सगळी अंडी त्यांचीच. काही जनावरं मुद्दाम बिनऔषधाची ठेवली, तर त्यांच्यातले साधे जंत कुरणावर पडत राहतात आणि चिवटांची गर्दी होत नाही.

यात माझाही हात आहे. नोकरीच्या सुरुवातीला शिबिरांत मीच ठणकावून सांगायचो, पावसाळ्याआधी सगळ्या कळपाला डोस द्या आणि लगेच स्वच्छ रानात हलवा. तेव्हा तोच सल्ला योग्य समजला जायचा. त्या स्वच्छ रानात पुढं पडणारी अंडी फक्त डोसातून वाचलेल्या जंतांची असणार, हे मला उशिरा उमगलं.

वडिलांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते निम्मं मोलाचं आहे. त्यांच्या शेरडांना औषध लागलं नाही, पण एकट्या जातीच्या जोरावर नाही. ती शेरडं डोंगराला जायची, बोर-बाभळीचा पाला मान वर करून ओरबाडायची, आज या अंगाला तर उद्या त्या. अळी बहुतेक गवताच्या बुडाशी, वीतभराच्या आत असते. वर पाहून खाणाऱ्या शेळीच्या तोंडात ती कमी जाते. शेळी मुळात झुडपं खाणारी. म्हणूनच तिच्या अंगानं जंताशी लढायची तयारी मेंढीइतकी कधी केली नाही. मेंढी वयात आली की बऱ्यापैकी लढते. शेळीला मात्र गवतावर आणलं की ती उघडी पडते. तुम्ही नेमकं तेच केलंत. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर माण-फलटणकडून कोकणात उतरतात, रोज नव्या शेतात मेंढ्या बसवतात. त्यांना खताचे पैसे मिळतात हे सगळ्यांना दिसतं. रोज जागा बदलल्यामुळं आदल्या रात्रीच्या लेंडीतून निघालेली अळी मेंढीच्या तोंडापर्यंत पोचत नाही, हा फायदा कुणी मोजत नाही.

मग जातीला अर्थ नाही का? आहे. केनियाच्या दमट किनाऱ्यावर, डायनी इथं, गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकात मसाई लोकांची तांबडी मेंढी आणि दक्षिण आफ्रिकेची डॉर्पर मेंढी शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षं मोजमाप झालं. डॉर्पर अंगानं मोठी, दिसायला बाजारभाव मिळवणारी. पण किनाऱ्यावर तिची कोकरं जंतानं मरत राहिली आणि तांबड्या मसाईच्या लेंडीत अंडी कमी, अंगात रक्त जास्त, मरतूक कमी. हिशोबात तांबडी मसाई कितीतरी पुढं गेली. गंमत पुढं आहे. त्याच देशात कपिटीच्या कोरड्या माळावर, जिथं जंतच कमी, तिथं हा फरक बराच कमी झाला. जातीचा गुण असा जागेला बांधलेला असतो. आणि त्याआधी सत्तरच्या दशकापासून डॉर्पर मेंढे वाटून वाटून शुद्ध तांबड्या मसाईचे कळप विरळ झाले होते, हेही त्याच गोष्टीत आहे.

आपल्याकडचं उदाहरण फलटणचं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा संकर बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळशी केला. गारोळ म्हणजे दलदलीत उभं राहून चरणारी, जेमतेम शेळीच्या पाटीएवढी मेंढी. गारोळचं रक्त आलेल्या कोकरांच्या लेंडीत जंताची अंडी कमी निघाली. पण ती वजनालाही कमी भरली. जंताशी लढणं फुकट होत नाही, शरीर त्यासाठी खाल्लेलं खर्च करतं. व्यापारी हा दुसरा निम्मा भाग सांगत नाही.

तुमच्या बोअरबद्दलही हेच. ही जात दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या रानात मांसासाठी घडवलेली. अमेरिकेत टेनेसीच्या दमट हवेत बोअर, न्यूझीलंडची किको आणि तिथली स्पॅनिश अशा शेळ्या बरोबरीनं सांभाळल्या, तेव्हा बोअरच्या लेंडीत अंडी जास्त निघाली आणि औषधही तिलाच जास्त वेळा पाजावं लागलं. म्हणून वडिलांचा बोकडावरचा राग अगदीच वाया नाही. पण माझा पहिला संशय बोकडावर नाही, त्या ८ पाटींवर आहे. बाजारातून आलेलं जनावर आधीच्या मालकाचे जंत पोटात घेऊन येतं. त्यानं वर्षानुवर्षं डोस पाजून तयार केलेले चिवट जंत तुम्ही पैसे देऊन विकत आणले आणि पाऊण एकरात पेरले, असं झालं असण्याची दाट शक्यता आहे. आणल्यावर त्यांना वेगळं बांधलं होतं का, हे पत्रात नाही. बहुधा नसेल.

तेव्हा व्यापाऱ्याला सांगा, जंत होतच नाहीत अशी शेळी जगात नाही. कमी होतात अशा जाती आहेत आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक जातीत कमी होणारी जनावरं आहेत. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं एकाच मालपुरा जातीतून कमी अंडी टाकणाऱ्यांची एक ओळ आणि जास्त टाकणाऱ्यांची दुसरी, अशा दोन ओळी निवडून वेगळ्या केल्या. कळपातले बहुतेक जंत मोजक्या जनावरांच्या पोटात असतात. ढोबळ हिशोब असा की २०-३० टक्के जनावरं ८० टक्के जंत सांभाळतात. तुमच्या ३४ मधल्या सात ते दहा शेळ्या सगळ्या रानाला अंडी पुरवतायत. त्या शोधा. नवी जात आणायला लाख रुपये लागतील, हे शोधायला एक कार्ड लागतं.

ते कार्ड दक्षिण आफ्रिकेत तयार झालं. डॉ. फ्रँस्वा मलान यांना लोक फाफा म्हणायचे, म्हणून फाफा मलान चार्टचं झालं फमाचा. त्यावर शेळीच्या खालच्या पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच छटा छापलेल्या असतात. एक म्हणजे लालभडक, पाच म्हणजे पांढरीफटक. कार्ड आणि ते वापरायचं शिक्षण पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, तुम्हाला उदगीर किंवा परभणी जवळ. फोनवरच्या फोटोवरून हे करू नका, प्रत्येक स्क्रीनचा लाल वेगळा.

बघायची रीत अशी. शेळी उन्हात आणा, गोठ्याच्या सावलीत सगळ्याच फिक्या दिसतात. एका हाताच्या अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलकेच झाका आणि डोळा किंचित आत दाबा. दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतली ओलसर गादी आपोआप बाहेर येते. त्या गादीचा रंग बघायचा, कडेचा नाही. लगेच बघायचा, कारण उघडी राहिली की ती लाल व्हायला लागते. दोन्ही डोळे बघा, फिका असेल तो धरा. पहिल्या दिवशी ३४ शेळ्यांना दोन तास लागतील, महिन्याभरात चाळीस मिनिटं.

चार आणि पाचला औषध. एक आणि दोनला नाही, कितीही हात शिवशिवले तरी नाही. तीनला करडं, हडकलेली, गाभण आणि नुकत्या व्यायलेल्या एवढ्यांनाच. डोळे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा, आणि सध्या करडं मरतायत तोवर त्यांचे दर आठवड्याला. जानेवारी-फेब्रुवारीपासून महिन्यातून एकदा पुरतं. व्यायच्या आधी दोन आठवडे आणि नंतर महिनाभर शेळीवर खास नजर ठेवा, त्या काळात तिचा बांध सुटतो आणि लेंडीत अंडी एकदम वाढतात. तुमची करडं तिथूनच जंत उचलत असणार.

ज्या शेळीला औषध पाजाल तिच्या नंबरापुढं वहीत फुली मारा. एवढीच नोंद, पण ती एकही चुकवू नका. एका पावसाळ्यात तीन फुल्या पडल्या की ती शेळी विकायची, खाटकाला. औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्यावर, अर्थात. शेजारच्या पालकाला पैदाशीसाठी विकू नका, तो तुमच्याकडं बघून घेईल आणि तुमचेच जंत घेऊन जाईल.

हे कार्ड फक्त रक्त पिणाऱ्या जंतांचं आहे. डोळा पांढरा पडायची कारणं इतरही असतात, गोचीड आणि उवा बेसुमार झाल्या तरी पडतो, यकृतातल्या पर्णकृमीनंही पडतो. तुमच्या रानाजवळ पाझर तलाव, कालवा असेल आणि शेळ्या त्या काठाचं खात असतील तर लेंडी तपासताना पर्णकृमीचीही अंडी बघायला सांगा. दोन-तीन महिन्यांच्या करडाला रक्ती हगवण लागली तर ती बहुधा कॉक्सिडिया या एकपेशी परजीवीची, तिथं जंताचं कोणतंच औषध चालत नाही. आणि लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून दुकान गाठतात. ते पट्टकृमी. डोळ्याला दिसतात म्हणून बदनाम, पण करडं मारणारे बहुतेक वेळा न दिसणारेच असतात.

औषध कोणतं, हे मी इथं लिहिणार नाही, कारण तुमच्या रानातल्या जंताला काय लागू आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजणं सोपं आहे. दहा-बारा जनावरांच्या गुदद्वारातून ताज्या पाच-सहा लेंड्या घ्या. जमिनीवरच्या नकोत. प्लॅस्टिकची पिशवी हातात उलटी घालून लेंडी धरायची आणि पिशवी सुलटी करून हवा काढून गाठ मारायची. नंबर लिहा, थंड ठेवा, बर्फात गोठवू नका, त्याच दिवशी पोचवा. प्रयोगशाळेत एक ग्रॅम लेंडीत किती अंडी ते मोजतात. मग डोस, आणि चौदाव्या दिवशी त्याच जनावरांची पुन्हा मोजणी. अंडी निदान ९५ टक्क्यांनी घटली नाहीत, तर ते औषध तुमच्या रानात संपलं. पुढं त्यावर पैसे घालू नका.

डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा. पहिला, हे औषध अल्बेन्डाझोलच्या कुळातलं आहे की वेगळ्या, आणि गरज असेल तर वेगळ्या कुळातली दोन एकत्र द्यायची का. दुसरा, शेळीची मात्रा किती. डब्यावर बरेचदा शेळी-मेंढी असं एकत्र छापलेलं असतं, पण शेळीचं शरीर ही औषधं लवकर निकालात काढतं, मेंढीची मात्रा तिला कमी पडते. किती वाढवायची हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. लेव्हामिसोल जादा झालं तर विषबाधा होते, क्लोसँटेल जादा झालं तर जनावर आंधळं होतं आणि अल्बेन्डाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात द्यायचंच नसतं. तुमचा बोकड बारा महिने कळपात मोकळा असणार, म्हणजे दर एक तारखेला कोणी ना कोणी त्या महिन्यात असणारच. वजन काट्यावर करा. झाकणानं अंदाजे पाजलेला अर्धामुर्धा डोस म्हणजे जंताला तालीम. आणि पिचकारी जिभेच्या मागं सोडा, ओठाशी नाही.

पुढच्या वेळी बाहेरून काही आणलंत तर महिनाभर वेगळं बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन कुळांची औषधं एकत्र द्या, चौदा दिवसांनी लेंडी तपासा, अंडी शून्य आली तरच आत घ्या.

पाऊण एकराचे दहा तुकडे करा. हलकी जाळी, चार काठ्या, सहज सरकवता येईल अशी. एका तुकड्यात साडेतीन-चार दिवस, मग पुढं, महिनाभर मागं वळायचं नाही. उष्ण, दमट हवेत अळी लवकर तयार होते तशी लवकर मरतेही, चार-सहा आठवड्यांत बहुतेक संपतात. गवत वीतभर राहिलं की शेळ्या काढा, बुडखे चाटू देऊ नका. दहिवर वाळल्याशिवाय सोडू नका, हे तुमच्या वडिलांना मी सांगायची गरज नाही. म्हैस असेल तर शेळ्यांच्या मागं तिला त्या तुकड्यात सोडा, शेळीचे हे जंत म्हशीत फारसे टिकत नाहीत. आणि बाभूळ, शेवरी, हादगा, बोर यांचा पाला बांधून उंच टांगा. बाभळीतल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, जंतांवर थोडा परिणाम होतो, पण खरा फायदा मान वर करून खाण्याचा आहे. सुबाभूळ द्या, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको.

बोअर बोकड विकू नका. त्याची पिल्लं वजनाला भरतात, ती बाजारासाठी ठेवा. पण त्याच्या पाटी कळपात राखू नका. राखायच्या पाटी उस्मानाबादीच्या, आणि त्याही बिनफुलीच्या आयांच्या. बोकड निवडताना दुप्पट काळजी घ्या, कारण एक शेळी वर्षाला दोन-चार करडं देते आणि बोकड सगळ्या कळपाचा बाप होतो. जंताशी लढण्याचा हा गुण आनुवंशिक आहे, पण दुधातल्या साखरेसारखा लगेच विरघळत नाही. शेळीत तर मेंढीपेक्षाही हळू उतरतो. चार-पाच वर्षं धरून चाला.

आता तुमचं रोजचं भांडण. कानतुटकी किती वर्षांची आहे, तिला कधी पिशवी उतरली का, तिची किती करडं या पावसाळ्यात गेली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. वडिलांना विचारा, त्यांना तोंडपाठ असेल. तुम्ही औषध सुरू करायच्या आधीचे तिचे पावसाळे त्यांनी पाहिलेत. पण एक जपा. डोळा लाल असणं म्हणजे जंत नसणं नव्हे. काही शेळ्या जंत पोटात बाळगून धडधाकट राहतात आणि रानभर अंडी टाकत फिरतात. स्वतः टिकल्या, पण करडांना मारलं. म्हणून या महिन्याचा डोस तिला देऊ नका, शेवटच्या डोसाला सहा आठवडे होऊ द्या, आठवड्याला डोळा बघत राहा आणि मग तिची लेंडी मोजून आणा. डोळा लाल आणि अंडी कळपातल्या इतरांपेक्षा कमी, असं दोन्ही निघालं, तर तिच्या पोटचा उस्मानाबादीपासून झालेला एखादा बोकड आहे का बघा. असला तर तो दिवाळीनंतरच्या बाजाराला नेऊ नका. त्याचीही लेंडी सहा-सात महिन्यांचा झाल्यावर मोजा आणि दोघांचे आकडे मला कळवा.